नळ नव्हता, नंदा होती

हसाचं असन तं आत्ताच हसून घ्या बावा, कारण शेवटी हसाले जागा राहणार नाही. दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माह्याच तोंडून ऐका. ज्या तोंडाले सारा भाजीबाजार भेते ना, त्याच तोंडानं मी माह्या अख्ख्या गल्लीचं पाणी घालवलं! चौथी शिकलेली बाई एवढा मोठा घोटाळा करू शकते, हे मलेही माहीत नव्हतं. मले वाटे, त्याच्यासाठी निवडून या लागते.

गावाचं नाव सांगत नाही. अकोला अन् अमरावतीच्या मधात कुठंतरी आहे, एवढं समजा. नाव सांगितलं तं माह्या पोराले जे एक-दोन पाहुणे याचे राह्यले असतीन, तेही येणार नाहीत.

पोरगा म्हणजे गजू. तेहतीस वर्षांचा. दारू नाही, खर्रा नाही. स्वतःचं घर, बाजारात माह्या संगं भाजीचं दुकान. पण पोरगी भेटत नाही. काहून? नळाच्या पायी.

आमची गल्ली म्हणजे पाइपाचं शेवटचं टोक. नवव्या-दहाव्या दिवशी पाणी सुटते. पैली गल्ली पिते, दुसरी धुते, तिसरी मोटर लावून ओढते, अन् आमच्यापर्यंत येते ती हवा. त्या हवेचीही पाणीपट्टी लागते बरं! वर्षाची वर्षाले, न चुकता. पाणी उशिरा येते, पण बिल कधी उशिरा आलं असं झालं नाही.

पैले लोक पोरगी पाहाले जात. आता पोरीचा बाप पोराचं घर पाहाले येते, अन् पोराचं तोंड पाह्याच्या आधी नळाची तोटी फिरवते. चार घरचे पाहुणे येऊन गेले. चारही वेळा तोटीनं 'फुस्स' केलं अन् पाहुणे उठले. एकजण तं तोंडावर म्हणला, "बाई, पोरगी नांदाले द्याची आहे, पाणी वाहाले नाही."

मी तिथंच त्याले सोलून काढलं असतं. पण काय बोलू? त्यानं ऐकलं होतं. शेजारच्या नंदाची सून पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे हंडा, डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर चढत होती, अन् पायऱ्यांवरून घसरली. पाचवा महिना होता. लेकरू गेलं. सून माहेरी गेली ते अजून आली नाही. ही गोष्ट पार परतवाड्यापर्यंत पोहोचली. आमच्याकडे पाइप पोहोचत नाही, बातमी पोहोचते.

त्या दिवसानंतर मी नंदाले संगं घेऊन नगरपालिकेत जाऊन बसली. टेबल वाजवला. आमचे नळ अन् घरपट्टी एकच साहेब पाहातात, चष्मा लावलेला, गरीब तोंडाचा. ते म्हणले, "बाई, पैसा थोडा आहे अन् कामं दोन आहेत. एक तुमच्या गल्लीचा नवा पाइप, एक स्टेशन रोडची स्वागत कमान. घरपट्टीचा नवा सर्वे होणार आहे. त्यातच कोणत्या घरी पाणी येतं, कोणत्या घरी नाही, हेही लिहून घेऊ. पाणी नसेल तर पाइप आधी."

"मंग करा ना सर्वे!" मी ओरडली. "पाठवा तुमची माणसं. माह्याच घरापासून सुरू करा!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. सर्वे मीच मागितला होता.

दोन महिने झाले, कोणी आलं नाही. मी विसरून गेली. तेवढ्यात परतवाड्याहून माह्या लहान भावाचा, मोहनचा, फोन. "ताई, एक स्थळ आहे. बुधवारी तिघंजण घर पाहाले येतीन. सकाळी अकराच्या आसपास. अन् ऐक, पैल्या फेरीत पोरीबद्दल एक शब्द विचाराचा नाही. पोरीवाल्यांचे भाव वाढले आहेत आता. ते विचारतीन, तू सांगाचं. अन् तो नळ..."

"नळाचं मी पाहातो," मी म्हणली.

काय पाहालं? सांगतो. नंदाच्या अन् माह्या घराची भिंत एकच आहे. तिच्या स्लॅबवर दोनशे लिटरचा ड्रम आहे. गजूनं भिंतीमागून नळाचा पाइप कापला अन् त्याले नंदाच्या ड्रमातून प्लॅस्टिकची नळी जोडली. नऊ दिवस साठवलेलं पाणी, तिचं अन् माहं, दोघींचं, त्या ड्रमात टाकलं. ठरलं असं, की मी खोकलली का नंदानं वरून नळी मोकळी कराची. दुसऱ्यांदा खोकलली का दाबाची.

"वैनी, पाणी पुरन ना?" नंदानं विचारलं.

"पाहुणा तोटी फिरवन, धार पाहान, बंद करन. दोन गिलास जाईन फार तं."

"अन् सून आली मंग? तिले कळन ना नळ खोटा आहे."

"तोवर नवा पाइप येते ना, वेडे! सर्वे होणार आहे."

नंदा हसली. सून गेल्यापासून मी तिले पैल्यांदा हसताना पाह्यलं.

बुधवारी साडेदहाले दारात पांढरी जीप. तिघं उतरले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात पट्ट्यात अडकवलेली ओळखपत्रं, हातात फाइल. माह्या मनात आलं, वा! सगळे नोकरीवाले! मोहननं हे सांगितलंच नाही.

मी पदर डोक्यावर घेतला. "या, या! वाटच पाहून राह्यली होती मी तुमची."

तिघं एकमेकांकडे पाहाले लागले. त्यांच्यातला मोठा, असन तिशीतला, चाचरत म्हणला, "आमची वाट? तुम्हाला माहीत होतं आम्ही येणार?"

"माहीत काहून नसन? मीच तं मागणी घातली होती."

आता यात खोटं एकही अक्षर आहे काय? नाही. म्हणूनच तं घोळ झाला.

त्यांले पोहे दिले. वर शेव, वर लिंबू. त्यांच्यातलं बारकं पोरगं पोहे खाता खाता पाणावल्या डोळ्यानं म्हणे, "मावशी, आम्हाला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही हो. काल एका घरानं कुत्रं सोडलं अंगावर."

"अगं माय! पाहुण्यावर कोण कुत्रं सोडते?" मी म्हणली. मनात म्हणली, त्या घरचा पोरगा बसणार बिनलग्नाचा.

मंग मोठ्यानं फाइल उघडली. "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माह्या. मालक गेले, सहा वर्षं झाले. पुढं गजूच्याच नावावर होणार, दुसरं आहे कोण?"

"खोल्या किती?"

खोल्या माह्या तीन. पण पोरीच्या बापाले तीन सांगून जमन काय? "खाली तीन. वर दोन." वरच्या दोन भिंतीपलीकडच्या, नंदाच्या.

"वर कोण राहतं?"

"भाडेकरू." देवा, मले माफ कर. नंदा स्लॅबवर बसून सगळं ऐकत होती.

"आणि ही समोरची खोली?"

"ही पोराच्या दुकानासाठी ठेवली. आज ना उद्या मोठं दुकान टाकणार तो इथं."

"म्हणजे व्यावसायिक वापर," मोठा म्हणला अन् लिहू लागला. मले तो शब्द लय आवडला. व्यावसायिक! गजूच्या बापाले असं कोणी कधी म्हणलं नव्हतं.

तेवढ्यात बारक्यानं खिशातून एक डबी काढली. डबीतून भिंतीवर लाल ठिपका पडला. या भिंतीवरून त्या भिंतीवर. दुसरा आकडे लिहून घेत होता. तुम्हाले काय वाटलं असतं? मले वाटलं, आंदणात पलंग अन् कपाट द्याचं असन, त्याचं माप घेऊन राह्यले. मी आपली मदत करू लागली! "कोपऱ्यातूनही घ्या ना. अन् हे दार मोठं करू आम्ही, कपाट जाईन आरामात."

मंग गजूले हाक मारली. तो आतून आला, नवा शर्ट घालून, मान खाली. त्या दिवशी माह्या पोरानं जमीन सोडून काहीच पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं गळ्यातलं ओळखपत्र वाचलं असतं, बारावी शिकला आहे तो. पण आला तो सरळ त्या मोठ्याच्या पाया पडला. तिशीतल्या माणसाच्या पाया तेहतीसचा पोरगा! तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राह्यला. "अहो, हे काय करता? हे तर आमचं कामच आहे."

केवढा नम्र माणूस! मले वाटलं हा पोरीचा काका असन.

"आता पाणी," तो म्हणला. "नळाला पाणी येतं का?"

ज्याचं भेव होतं, तोच सवाल. पण तोंड? तोंड कधी थांबलं आहे काय! "येते काय म्हणून काय विचारता? रोज येते! सकाळ-संध्याकाळ. कधीकधी तं मलेच म्हणावं लागते, पुरे रे बावा आता, वाहून जाईन घर!"

"दाखवता?"

मी खोकलली. तोटी फिरवली. अन् काय सांगू तुम्हाले, असं धो धो पाणी आलं, का मलेच भरून आलं. माह्या घरच्या नळाले असं पाणी लग्न होऊन आल्यापासून मी पाह्यलं नव्हतं. क्षणभर मलेही खरंच वाटलं.

बारक्यानं मोबाइल काढला. "मावशी, एक व्हिडिओ घेतो. तुम्ही ओंजळीनं पाणी प्या बरं."

मले वाटलं पोरीले दाखवतीन. मी पदर सारखा केला, ओंजळ धरली, पाणी पेली, अन् अशी गोड हसली, का माह्याच लग्नात हसली नव्हती.

मी दुसऱ्यांदा खोकलली, बंद करासाठी. तं मोठा म्हणते, "थांबा. बादली आहे का? किती वेळात भरते ते पाहायचं आहे."

एक बकेट भरली. ती ओतून दुसरी. म्हणे दोनदा मोजावं लागते. तोटी बंद कराले गेली तं जुनी झिजलेली तोटी नुसती गरगर फिरे. मी खोकलू खोकलू मरून राह्यली, पण धार बंद व्हाचं नाव घेईना. कारण नंदाले वाटलं मी पुन्हा पुन्हा 'सोड' म्हणून राह्यली! न्हाणीतून पाणी सांदीत, सांदीतून नालीत. नऊ दिवस डोक्यावर वाह्यलेलं, दोन घरांचं पाणी. बारकं पोरगं म्हणते, "मावशी, खोकल्यावर औषध घ्या."

शेवटी त्यानं मोबाइलच्या काचेवर बोटानं सही कराले लावली. मी चौथीतली गोल गोल सही केली, अन् भीत भीत विचारलं, "मंग... पसंत आहे ना सगळं?"

"आमच्याकडून सगळं ओके. वरून मंजूर झालं, की कागद येईल घरी."

वरून म्हणजे पोरीचा आजोबा असन. कागद म्हणजे लग्नाची यादी. मी जीप दिसेनाशी होईपर्यंत दारात हात हलवत उभी राह्यली. नंदा खाली आली, ओली चिंब. आम्ही दोघी न्हाणीत फतकल मारून हसलो.

अन् फोन वाजला. मोहन.

"ताई, आम्ही चौकात आलो. जीप पंक्चर झाली होती. दहा मिनिटात पोहोचतो. पोहे तयार ठेव."

मी फोन कानाले लावून तशीच बसली. मंग पोहे कोणी खाल्ले?

खरे पाहुणे आले. धोतरवाला बुढा, त्याचा भाऊ अन् मोहन. धुळीनं भरलेले. बुढा ओसरीवर बसला अन् म्हणला, "बाई, आधी गिलासभर पाणी द्या."

घरात गिलासभर पाणी नव्हतं. नंदाच्याही घरी नव्हतं. ड्रम कोरडा, गुंड कोरडे. पाणी होतं फक्त नालीत. गजू पळत जाऊन दुकानातून बाटली घेऊन आला. बुढ्यानं बाटली हातात घेतली, फिरवून पाह्यली, मंग उठून न्हाणीत गेला अन् तोटी फिरवली.

फुस्स.

तो रागावला नाही हो. रागावला असता तं मी भांडली असती, मले ते जमते. त्यानं बाटलीतलं पाणी अर्धं पेलं, अर्धं झाकण लावून माह्या समोर ठेवलं. "राहू द्या बाई, तुम्हाले लागन," म्हणला. अन् गेले.

गजूनं नवा शर्ट काढून खुंटीले लावला.

महिन्यानं 'वरून' कागद आला. घरपट्टीचा. पाच खोल्या, वर भाडेकरू, खाली दुकान. आकडा मी दोनदा वाचला अन् तिसऱ्यांदा गजूकडून वाचून घेतला, कारण मले वाटलं चौथीत माहं गणित कच्चं राह्यलं असन. पण खरा दणका खाली होता. शेरा: पाणीपुरवठा दररोज, दाब उत्तम. या गल्लीस नव्या पाइपाची गरज नाही.

मी अन् नंदा पुन्हा त्याच साहेबासमोर.

"साहेब, आमच्या गल्लीत पाणी येत नाही!"

त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला. त्याच्यात मी. पदर डोक्यावर, धार धो धो, अन् माहा आवाज: "रोज येते! सकाळ-संध्याकाळ!" साऱ्या हापिसानं माना वळवल्या. कोणीतरी आवाज वाढवला.

मी नंदाकडे पाह्यलं. नंदा जमिनीकडे.

"साहेब," मी म्हणली, "तो नळ नव्हता. नंदा होती."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. ड्रम, नळी, खोकला, पाहुणे. साहेबानं पेन खाली ठेवून ऐकलं. मले वाटलं माणूस आहे, समजून घेईन. मंग त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे नगरपालिकेच्या लाइनीला तुम्ही बाहेरून नळी जोडली. अनधिकृत जोडणी. तुम्ही हे लेखी देत असाल, तर मला दोघींचे नळ तोडावे लागतील. दंड वेगळा."

"अन् पाइपाचा पैसा?"

"कमानीला गेला. काम सुरू झालं."

"कमानीतून पाणी येते काय साहेब?"

"गावाची शोभा असते बाई ती."

"गावाच्या बाया डोक्यावर गुंड घेऊन रांगेत उभ्या राहातात, ती शोभा पाह्यली काय कधी?"

"लेखी देताय का?" साहेब म्हणले.

नऊ दिवसांतून अर्धा तास येते ते पाणी, तेही तुटणार. माहं तुटलं तं तुटलं, मी भोगीन. पण नंदाचं? तिनं टेबलाखालून माहा हात दाबला. "चला वैनी," म्हणली हळूच.

साहेबानं दुसरा कागद पुढं सरकवला. तक्रार मागं घेतो, पाणी नियमित येते, असा. मी सही केली. तीच गोल गोल, चौथीतली. टेबल वाजवणारी बाई हो मी!

कमान झाली. गुलाबी दगडाची, वर दिवे. गावात आता पाण्याचा टँकर येते, पण आमची गल्ली अरुंद, आत घुसत नाही. तो कमानीखाली उभा राहाते, अन् आम्ही बाया गुंड घेऊन तिथं रांगेत. मी रांगेत गेली का पुढच्या बाया म्हणतात, "तुमच्या घरी तं रोज नळ येते ना? सरका मागं." गजूच्या स्थळांची आता कोणी गोष्टही काढत नाही. नंदाले सगळं खरं माहीत आहे. ती काही बोलत नाही, अन् जागाही देत नाही. अन् मी? जिच्या तोंडाले बाजार भेते, ती मी गुपचूप शेवटी जाऊन उभी राहातो.

काल माहा नंबर आला तवा टँकरच्या पाइपानं केलं: फुस्स.

वर पाह्यलं. कमानीवर हा मोठा फ्लेक्स, 'शेवटच्या घरापर्यंत पाणी'. अन् त्याच्यावर ओंजळ धरून, गोड हसत, एक बाई पाणी पेऊन राह्यली. आमच्या साऱ्या गल्लीत पोटभर पाणी पेणारी एकच बाई आहे. अन् ती मी आहो.